इथेच बस, आलेच

॥ श्री ॥

दि. ३ जून

ती. आक्का यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे देवाच्या दयेने ठीक आहोत, तुमच्याकडची खुशाली नेहमीप्रमाणे कळवत जावी, असं लिहायला गेले आणि हात थांबला. नेहमीप्रमाणे कसलं? हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. मी तुमची भावजय, तुमच्या धाकट्या भावाची बायको. तुम्ही मला पाहिलेलं नाही. मीही तुम्हाला पाहिलं नव्हतं, परवापर्यंत.

पत्ता कुठून मिळाला म्हणाल. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा एका दुपारी त्यांनी तो माझ्याकडून पाठ करून घेतला. शाळेत कविता म्हणून घेतात तसा. घड्याळजींचं दुकान, त्याच्या वरची खोली, गल्लीचं नाव. "लिहून ठेवू नकोस, कागद बोलतात," म्हणाल्या. तेव्हापासून जप संपला की शेवटी तो पत्ताही एकदा मनात म्हणते. देवाने राग मानला नसावा. तुम्ही अजून तिथेच आहात का, ठाऊक नाही. पोचलं तर पत्र तुमचं, नाही पोचलं तर तिकीट माझ्या नावावर.

यांची प्रकृती बरी आहे. पाणीखात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वयाप्रमाणे जरा विसरभोळेपणा आला आहे. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवत जा, डोकं चालतं राहतं. आता आमच्या घरात जुने फोटो ते किती असणार? एक लग्नातला आणि एक मामंजींचा, तोही रागावलेला. लेकीला फोनवर सांगितलं तर तिने टॅब पाठवून दिला. मी आधी परत कर म्हणून भांडले. मग कळलं की परत करायलाही खर्च येतो, तेव्हा ठेवून घेतला.

राज्याच्या अभिलेखागाराचं एक संकेतस्थळ आहे. गावोगावचे नकाशे, जुनी वर्तमानपत्रं, पालिकेचे फोटो, सगळं त्यावर मांडून ठेवलेलं आहे. आपलं गाव निवडलं की आपलंच गाव पुढ्यात येतं. आजच्या नकाशावर जुना नकाशा ठेवलेला आहे आणि खाली एक पट्टी आहे. ती उजवीकडे सरकवली की जुन्या गल्ल्या वर येतात, डावीकडे नेली की परत खाली जातात. पहिले काही दिवस हे नुसती ती पट्टीच इकडून तिकडे करत बसले. मी म्हटलं, "अहो, झिजेल ती."

फोटोंतली बरीच माणसं बिननावाची आहेत. खाली एक चौकोन असतो, ज्याला माहिती असेल त्याने लिहावी. आणि माहिती असायला यांच्यासारखा माणूस नाही. पाण्याचे मीटर वाचायला घरोघर फिरलेले. हे सांगतात, मी एका बोटाने लिहिते. "हा गिरणीवाला. याचा मीटर जिन्याखाली होता, दर खेपेला डोकं आपटायचं." "ही शिंपीणबाई. चहा घेणार का विचारायची, पण ठेवायची नाही." पालिकेचे एक अध्यक्ष छाती काढून उभे आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लिही, याने मीटरच्या अलीकडेच नळ जोडून घेतला होता."

"अहो, हा इतिहास आहे."

"मग मी काय भूगोल सांगतोय?"

ते मी लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं. प्रत्येक फोटोखाली 'माहिती देणारे' म्हणून यांचं नाव येतं, आणि पुढे 'निवृत्त मीटर वाचक'. रोज सकाळी दिवाबत्ती झाली की आधी ते वाचून दाखवावं लागतं. अभिलेखागाराच्या मॅडमचाही फोन आला होता. "काकू, काका म्हणजे आमचं अख्खं कपाट आहेत," म्हणाल्या. त्या दिवशी मी यांच्या चहात साखर जरा जास्त घातली.

गेल्या आठवड्यात मॅडमनी पुराच्या वर्षाचे फोटो चढवले. एकात शाळेच्या पायऱ्या आहेत. पाणी चढतं आहे म्हणून माणसं उंचावर आणून बसवलेली, गाठोडी, पिंपं, कुणाची तरी शिलाईची मशीन. एका बाजूला दोन वेण्या घातलेली मुलगी उभी, काखेत बोचकं, एका पायात चप्पल नाही. तिच्या बाहीला धरून एक लहान मुलगा. दोन बोटांनी फोटो मोठा केला. यांनी मुलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ही आमची आक्का. आणि हा मी."

तुमचं कपाळ आणि आमच्या लेकीचं कपाळ अगदी एक आहे.

तुमचं नाव मी त्या फोटोखाली लिहिलं आहे. संकेतस्थळ आणि फोटोचा क्रमांक मागच्या बाजूला देते. जवळपास कुणाकडे सोय असेल तर जरूर बघावं. बघितल्यावर दोन ओळी आल्या तर फार बरं वाटेल. नावापुढे जे लिहिलं गेलं आहे ते वाचून मन दुखवून घेऊ नये, ही पदर पसरून विनंती. काय झालं ते मी सविस्तर कळवीन.

आपली,
अजून न पाहिलेली भावजय

॥ श्री ॥

दि. २१ जून

ती. आक्का यांस कृतानेक नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. "मी मेले हे मला फार पूर्वी कळलं होतं. कशाने मेले ते आता कळलं. तू कशी आहेस?" एवढंच. पहिल्या दोन वाक्यांसाठी मी तयार होते. तिसऱ्याने मात्र मला स्वयंपाकघरात खाली बसवलं. हा प्रश्न या घरात मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेला नाही.

आता खरं लिहिते.

त्या फोटोखाली "पुरात वाहून गेल्या" हे शब्द यांचे आहेत आणि टंकलेखन माझं आहे. तुम्ही घड्याळजींबरोबर गेलात, हे सासूबाईंनी मला सांगितलं होतं. मामंजींनी बाहेर सगळ्यांना "मुलगी पुरात गेली" असं सांगितलं, हेही सांगितलं होतं. घरात तुमचं नाव काढायचं नाही एवढा नियम. मी तो नियम भांड्याकुंड्यांबरोबर ताब्यात घेतला आणि सांभाळला. यांना खरं ठाऊक असणारच, असं धरून चालले. घरातली गोष्ट घरातल्या माणसाला ठाऊक नसेल का? म्हणून हे "पुरात गेली, लिही" म्हणाले तेव्हा मला वाटलं, वडिलांचा शब्द राखताहेत, बाहेरच्यांना बाहेरचं उत्तर देताहेत. मुकाट्याने लिहिलं.

पण लिहून झाल्यावरही यांचं रडणं थांबेना. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला कुणी असं रडत नाही, आक्का. तोंडात उपरण्याचा बोळा धरून, खांदे हलवत. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. "मला म्हणाली, इथेच बस, आलेच. मी बसून राहिलो. पाणी पायरीला लागलं तरी उठलो नाही. बाबा आले, म्हणाले, तिला पाण्याने नेलं, चल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. नऊ-दहा वर्षांच्या पोराला बाहेरचं उत्तर दिलं आणि मोठा झाल्यावर ते बदलून द्यायचं राहून गेलं. मामंजींनी ते दिलं, सासूबाईंना वाटलं पोराला पुढेमागे कळलं असेल. मला वाटायचं, विषय काढला तर यांना टोचेल. यांना वाटायचं, बहीण वारल्याचं बायकोला ठाऊक आहेच, उगाच काय उगाळायचं. घरात एक नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर कोणाला काय ठाऊक आहे हे तपासणार कसं? एका घरात दोघंजण दोन वेगवेगळ्या आक्का सांभाळत बसलो.

मी लगेच सांगितलं. पुढ्यात बसून, हात धरून सांगितलं. "अहो, आक्का आहेत. घड्याळजींशी लग्न करून सुखात आहेत." यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "बाई, थट्टा कशाची करावी याला काही धरबंध?"

बाई म्हणतात ते मला. विसरभोळेपणा असं मी मागे लिहिलं, ते पत्र शोभावं म्हणून. नुसता विसरभोळेपणा ही आमची चांगली सकाळ झाली, आणि तीही रोज नसते. जेवण झालं की मला म्हणतात, "बाई, तुम्ही आता निघा. तुमच्या घरचे वाट बघत असतील." मी आपली दारामागे जाऊन उभी राहते आणि थोड्या वेळाने आत येते. मग म्हणतात, "आलात का? बरं झालं." जुन्या गावातलं सगळं जागच्या जागी आहे. गिरणी, जिना, शिंपीणबाई. अलीकडचं घर मात्र रिकामं होत आलं आहे, आणि त्यात मी राहते.

एवढ्यावर भागलं असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. मॅडमचा पुन्हा फोन आला. पुलाजवळ पुरात गेलेल्यांचा दगड उभा राहणार आहे. नावं या संकेतस्थळावरून घेणार आहेत. तुमचं नाव त्यात आहे. "काका म्हणजे प्रत्यक्ष बघणारे शेवटचे, त्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानतो." मी म्हटलं, "थोडं थांबता का?" तर म्हणाल्या, "काकू, किती थांबू? कोरणारा माणूस महिनाअखेर कामाला बसतोय."

मी परस्पर दुरुस्ती कळवू शकते. पण यांचा शब्द बायकोने खोटा पाडायचा, तोही पाठीमागे, आणि यांना मात्र आयुष्यभराचं दुःख तसंच पोटाशी धरून बसू द्यायचं, हे मला जमत नाही. यांना खरं कळायला हवं, आणि उरलंसुरलं भान मावळायच्या आत कळायला हवं. तुम्ही या, आक्का. माझ्या सांगण्याला आता या घरात वजन नाही. तुमच्या नुसत्या असण्याला असेल. बहीण समोर उभी राहिली तर कोण नाही म्हणेल?

खोली झाडून ठेवते.

तुमची,
भावजय

॥ श्री ॥

दि. १२ ऑगस्ट

ती. आक्का यांस, पायांवर डोकं ठेवून.

इथून परत गेल्यावर तुम्ही कार्डात विचारलंत, "त्या दिवशी मी त्याच्याशी नीट बोलले का? मला काही म्हणजे काही आठवत नाही. तू बघत होतीस, लिही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. जे बघितलं ते लिहिते. गोड करून लिहिणार नाही, तुम्हाला चालणारही नाही.

तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत आणि यांच्यासमोर बसलात. "ओळखलंस का रे?" म्हणालात. यांनी हात जोडले. "बिलाचं काम असेल तर आता मी बघत नाही, कचेरीत जा."

तुम्ही म्हणालात, "अरे, मी आक्का."

यांनी तुमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बाई, या आजींना पाणी द्या. उन्हातून आल्यात."

पाणी तुम्ही घेतलंत. हे उठून टॅब घेऊन आले. पाहुण्यांना तो फोटो दाखवायचाच असतो यांना. "ही आमची आक्का. पुरात गेली. तुम्ही इथल्याच का? ओळखत होता तिला?"

"होय," तुम्ही म्हणालात, "थोडीफार."

"कशी होती हो? चेहरा इथे आहे, पण आवाज काही केल्या आठवत नाही."

तुम्ही टॅब मांडीवर घेऊन फोटो बघितलात. मग म्हणालात, "वाईट होती. धाकट्या भावाला पायरीवर बसवून निघून गेली."

यांना इतकं चिडलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ताडकन म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये! आलेच म्हणाली होती ती. येतच होती. पाण्यापुढे कोणाचं काय चालतं?" आणि मग तुमचा चेहरा बघून ओशाळले. तुमच्या हातावर थोपटत म्हणाले, "जाऊ द्या, आजी. तुमचंही कुणी गेलेलं दिसतंय."

तुम्ही नीट बोललात, आक्का. याहून नीट काय बोलायचं असतं?

नंतर ओट्याशी उभं राहून तुम्ही मला सांगितलंत, की मदतीचं सामान उतरवून ट्रक मोकळा परत निघाला होता, घड्याळजी आधीच त्यात बसले होते, आणि तुम्ही चढलात तेव्हा पायरीवर बसलेला भाऊ दिसत होता. हात हलवला असता तर उतरावं लागलं असतं, म्हणून हलवला नाही. आणि जाताना चपला घालता घालता म्हणालात, "कोरू दे गं दगडावर. पळून गेलेल्या बहिणीपेक्षा बुडालेली बरी. त्याच्या मनात मी परत यायला तरी निघाले होते."

तुमचा शब्द मोडला, हे सांगायला हे पत्र आहे.

दिवा लावायला बसले की दगडच डोळ्यांसमोर यायचा. ज्या बाईचा पत्ता मी इतकी वर्षं देवापुढे म्हणते तिचं नाव मेलेल्यांत कोरून कसं घ्यायचं? शिवाय हे त्या फोटोशी रोज सकाळी नव्याने पोचायचे. रोज तुम्ही नव्याने बुडत होता. मी तो फोटो ओलांडून पुढे जायचे, तर हे बोट मागे ओढायचे, "थांबा, काहीतरी राहिलं." शेवटी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या मधेच "काकू, बोला, मी ऐकतेय" एवढंच म्हणाल्या. दगडाच्या यादीतून नाव काढलं. फोटोखाली आता लिहिलं आहे, "पुरातून बचावल्या. हयात." त्याखाली यांचंच नाव ठेवलं आहे, मी विनंती केली म्हणून.

मला वाटलं, माझ्या तोंडचं पटत नाही, तुम्ही समोर आलात ते पटलं नाही, पण छापलेलं पटेल. ते मात्र खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी यांना वाचून दाखवलं. "काय? पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. "हयात म्हणजे आहे! आक्का आहे!" अहो, उड्याच मारायच्या काय त्या राहिल्या. दाढी केली, इस्त्रीचा सदरा मागून घेतला. मला म्हणाले, "बाई, दार लावू नका, आमची बहीण यायची आहे. आलेच म्हणालीय." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "आक्का आली की बसू." रस्त्याने दोन वेण्यांची कुणी मुलगी गेली की उठून उभे राहत. अंधार पडल्यावर मी हाताला धरून आत आणलं. तेव्हा कोणाची वाट बघत होतो, हे विसरले होते. वाट बघत होतो एवढं मात्र अंगात राहिलेलं. झोपेपर्यंत दाराकडे बघत होते.

सकाळ झाली की पुन्हा फोटो, पुन्हा हयात, पुन्हा सदरा. तेव्हापासून रोज हेच.

घरखर्च लिहायच्या सवयीने ताळा मांडून बघते. रडणं तासाभरात आटपायचं आणि दुपारचं जेवण पोटात जायचं. वाट बघणं दिवसभर पुरतं. मी दुःख काढून घेतलं आणि त्याच्या जागी काय ठेवलं, ते माझं मलाच बघवत नाही. डॉक्टर म्हणतात, टॅब लपवा. लपवला होता. दिवसभर घरात शोधत फिरले, "माझं नाव कुठे ठेवलंत?" म्हणून. परत काढून दिला.

एक राहिलं. हे कुणालाच लिहिणार नव्हते. पुरानंतर पंधरा-सोळा वर्षांनी काढलेलेही फोटो आहेत, त्यात नव्या नळयोजनेच्या उद्घाटनाचा एक आहे. चावीजवळ पाणीखात्याचे लोक, आणि पलीकडे गर्दीत नुकतं लग्न झालेली एक बाई, सगळे पाण्याकडे बघताहेत आणि ही एकटीच एका मीटरवाल्याकडे बघते आहे. मी म्हटलं, "ही कोण हो?" यांनी फोटो मोठा केला, नीट बघितला, फसवायचं म्हणून नव्हे. "ही बाहेरगावची असेल. माझ्या घरांपैकी नाही. लिही, अनोळखी स्त्री."

मी लिहिलं. माहिती देणारे, म्हणून खाली यांचं नाव आहे.

त्याची दुरुस्ती मी कळवणार नाही. कोणी मागितलेलीही नाही.

या म्हणू की नको, मला ठरवता येत नाही. आलात तर ओळखणार नाहीत. सरकून जागा देतील, आजी म्हणून शेजारी बसवतील आणि तुम्हालाही तुमचीच वाट बघायला लावतील. पण वाईट वागणार नाहीत, एवढं मी बघितलं आहे. घरातलं आवरलं की मीही बाहेर जाऊन बसते. मला पलीकडच्या टोकाला बसायला सांगतात. मधली जागा हाताने पुसून ठेवतात.

दार उघडं आहे.

तुमची,
पायरीच्या टोकाला बसणारी
भावजय